सुताच्या गावातली गोधडी

सेलवास म्हटलं की व्यापाऱ्यांना पॉलिस्टरचं सूत आठवतं. मला इथं आठवते ती आईची गोधडी, आणि गेल्या पावसाळ्यापासून मी स्वतःही शिवायला बसते. जुन्या सुती लुगड्याचे चार पदर अंथरायचे, सुरकुती काढायची, मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यायचं, मग कडेनं धावदोरा घालत फेऱ्याफेऱ्यांनी मध्यावर यायचं. मधून सुरुवात केली की कापड गोळा होतं, हे मी दोनदा उसवून शिकले. एकदा हौसेनं पॉलिस्टरचा धागा वापरला. तो इतका गुळगुळीत की गाठ सरकते, टोक लांब ठेवून उलटे टाके घालावे लागतात. सुती दोरा मात्र मऊ कापडात रुतून बसतो. इथल्या वारली पाड्यांवर बांबूच्या टोपल्या विणताना पाहिलं, तर एक पट्टी वर, एक खाली: मागावरच्या ताण्याबाण्याचीच चाल! शिवण्या-विणण्याच्या या कामाला नुसता विरंगुळा म्हणणं मला पटत नाही. बोटांना इतकं सूक्ष्म भान दुसरं काही देत नाही. आता रविवारी शेजारच्या दोघी येतात. एकीनं क्रोशाची सुई आणली आहे. तिचे साखळीचे टाके अजून फार आवळले जातात.