आत्याचं पत्र : आजी-आबा डेल्फ्टला आले त्याची गोष्ट

दोस्तहो,

शाळा सुरू झाली, पुस्तकांना कव्हरं घालून झाली, आणि 'मी सुट्टीत काय केले' हा निबंधही बाईंनी लिहायला दिला असेल. माझा भाचा बारामतीला सातवीत आहे. त्यानं या निबंधात काय काय लिहिलं असेल, याची मला थोडी धास्तीच वाटतेय. कारण या मे महिन्यात तो माझ्याकडे होता, आपल्या आजी-आबांबरोबर. आणि ही सुट्टी पहिल्याच आठवड्यात मोडायला आली होती.

नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच, मी मूळची इंदापूर तालुक्यातली, नीरा डाव्या कालव्याच्या काठची. शिकले बारामतीला. आता नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट नावाच्या गावात राहते. आम्ही दोघंही नोकरी करतो. लेक सात वर्षांची आहे, तिचा जन्म इथलाच.

परदेशात पाहुणे बोलवायचे म्हणजे 'या की एकदा' म्हणून भागत नाही. आधी व्हिसा काढावा लागतो. पाहुण्यांना जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. ते माझ्या घरी राहणार आणि त्यांची जबाबदारी माझी, असं लिहून देऊन इथल्या नगरपालिकेत जाऊन सही करावी लागते. आजारपणासाठी निदान 30 हजार युरोंचा विमा लागतो. हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "लेकीच्या घरी जायला सरकारची परवानगी? अगं, माहेरी जाताना मी फक्त सासूबाईंची घ्यायचे!"

शेवटी सगळे कागद जमले आणि तिघं स्खिपोल विमानतळावर उतरले. गाडीत भाच्यानं विचारलं, "आत्या, इथं समुद्र कुठंय?" मी म्हटलं, "आपल्या डोक्याच्या वर!" त्याला वाटलं मी थट्टा करतेय. पण खरंच, हा विमानतळ समुद्राच्या पातळीपेक्षा तीनएक मीटर खाली आहे. तिथं पूर्वी मोठं सरोवर होतं. भोवती बांध घालून, वाफेवरच्या पंपांनी रात्रंदिवस पाणी उपसून 1852 साली ते कोरडं केलं. या देशाची जवळजवळ पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. पंप आजही चालू असतात. ते बंद पडले तर जमिनीत हळूहळू पुन्हा पाणी भरेल.

आई खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "इथं पाणी काढून जमीन केली. आमची जमीन होती, तिचं पाणी झालं."

आईचं माहेर भीमेच्या काठचं. उजनी धरण 1980 साली पुरं झालं आणि भीमाकाठची कितीतरी गावं, मळे, देवळं पाण्याखाली गेली. आईच्या माहेरची जमीनही गेली. तुमच्यापैकी भिगवण, पळसदेवकडच्या मुलांनी उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर आलेलं पाहिलं असेल. मी लहान असताना आई बोटानं पाण्याकडे दाखवून सांगायची, "तिथं आमची विहीर होती." मला तेव्हा नुसतं पाणीच दिसायचं.

असो. तर आता सुट्टी मोडायची वेळ का आली, ते सांगते.

इथं नोकरदाराला वर्षाला निदान 20 दिवस पगारी रजा मिळते. त्यातल्या थोड्या आधीच संपल्या होत्या. पाहुणे राहणार होते सहा आठवडे, म्हणजे 42 दिवस. माझ्या हातात उरले होते 10. गणित तुम्हीच करा! मी फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं : अमुक दिवशी पवनचक्क्या, तमुक दिवशी ट्युलिपच्या बागा, मग संग्रहालय. मधले दिवस कोरे. पहिले तीन दिवस आम्ही धावपळ करून खूप पाहिलं. चौथ्या दिवशी मी डबा घेऊन ऑफिसला गेले, लेक शाळेत गेली, नवरा त्याच्या कामाला. घरात उरले तिघं.

आमच्या इमारतीत दुपारी चिटपाखरू नसतं. आईनं दहा वेळा खिडकीतून पाहिलं. बोलायला कोणी नाही. टीव्हीवरचं कळत नाही. अण्णा म्हणाले, "चला, जरा खाली उतरू." तिघंही बाहेर पडले, दार लागलं, आणि किल्ली राहिली आत! इथली दारं ओढली की आपोआप बंद होतात, हे मी सांगितलंच नव्हतं. दोन तास तिघं जिन्यात बसून होते. शेवटी तळमजल्यावरच्या आजीबाईंनी पाहिलं, खुर्च्या दिल्या, कॉफी दिली आणि मला फोन केला.

मी धावत आले तर तिघांचे चेहरे उतरलेले. त्या रात्री साडेनऊ वाजले तरी बाहेर उजेड होता. अण्णा म्हणाले, "इथं दिवेलागणच होत न्हाई. जेवायचं कवा, झोपायचं कवा, काय कळत न्हाई." मग थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "तिकीट बदलून मिळतं का गं?"

माझ्या पोटात खड्डाच पडला. "अण्णा, माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकतंय पोरी. तू राबतीयस, ते दिसतंय. पण आम्हाला इथं काम काय? गावाकडं पहाटं उठलो की मोटर हाय, जनावरं हायत, चार माणसं हायत. इथं नुसतं बसायचं. आणि ज्या नातीसाठी आलो, ती तर आमच्याशी बोलत न्हाई."

हे मात्र खरं होतं. माझ्या लेकीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती डच भाषेत देते. आबांनी विचारावं, "शाळा कशी झाली?" तिनं डचमध्ये पटपट सांगावं. मग आबा माझ्याकडे बघणार, मी भाषांतर करणार. मी ऑफिसला गेले की दोघंही गप्प. मला इतके दिवस ही गोष्ट फार मोठी वाटलीच नव्हती. 'समजतं ना, मग झालं' असं मी म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी मी फ्रिजवरचं वेळापत्रक काढून टाकलं आणि अण्णांना विचारलं, "नातीला शाळेत तुम्ही पोचवाल का? चालत पंधरा मिनिटं लागतात." अण्णा लगेच टोपी घालून तयार. दोन दिवस मी बरोबर गेले, वळणं दाखवली, तिसऱ्या दिवसापासून आजोबा-नात दोघंच. आता मध्ये भाषांतर करायला कोणी नाही! पहिले काही दिवस हातवारे झाले. मग एकदा रस्त्यात अण्णांनी मुद्दाम चुकीचं वळण घेतलं. तशी बाईसाहेब ओरडल्या, "आबा, तिकडं नाही! इकडं!" संध्याकाळी हे सांगताना अण्णांचा चेहरा असा फुलला होता, की जणू कालव्याला पाणी सुटलं.

भाच्यालाही उद्योग मिळाला. त्याला सायकल दिली. पहिल्याच दिवशी तो डाव्या बाजूनं निघाला, कारण आपल्याकडे तीच बाजू बरोबर! इथं उजवीकडून जायचं असतं. शिवाय इथल्या पुष्कळ सायकलींना हँडलवर ब्रेकच नसतो. पायडल उलटं फिरवलं की सायकल थांबते. हे कळेपर्यंत गडी एका झुडपात शिरून आला होता.

कॉफी देणाऱ्या त्या आजीबाईंचा गावाबाहेर भाजीचा छोटा वाफा आहे. अशा बागा इथं नगरपालिकेच्या जागेत भाड्यानं मिळतात. अण्णा शेतकरी आहेत हे कळल्यावर त्या त्यांना घेऊन गेल्या. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. पण अण्णांनी माती हातात घेऊन चुरगाळली, आजीबाईंनी मान डोलावली, आणि काम सुरू झालं. आमच्या घरी मग रोज ताजा मुळा यायला लागला.

एका बाजाराच्या दिवशी दुकानात आईला द्राक्षांचा डबा दिसला. वर लिहिलेलं, 'भारत'. महाराष्ट्रातली द्राक्षं थंडगार पेट्यांतून आठवडेच्या आठवडे समुद्रानं प्रवास करून रॉटरडॅम बंदरात उतरतात आणि तिथून युरोपभर जातात. आपल्या इंदापूर-बारामतीकडचे बागायतदारही द्राक्षं परदेशी पाठवतात. अण्णांनी डबा उलटसुलट करून पाहिला, किंमत वाचली, मनातल्या मनात तिचे रुपये केले आणि म्हणाले, "यातलं शेतकऱ्याच्या हातात किती पडतं, ते कुणी लिवलं न्हाई यावर." डबा मात्र घेतला.

पीठ आणायला आम्ही हेग शहरात गेलो. तिथं सुरिनाममधून आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची बरीच दुकानं आहेत. ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. सुरिनाम हा दक्षिण अमेरिकेतला देश, तेव्हा डचांच्या ताब्यात होता. तिथल्या मळ्यांवर राबायला 1873 पासून 1916 पर्यंत सुमारे 34 हजार माणसं कलकत्त्याहून जहाजांनी नेली. पहिलं जहाज 'लालारूख'. बहुतेक लोक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. 1975 साली सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमाराला त्यांच्यातले पुष्कळजण नेदरलँड्सला आले. दुकानातल्या आजी त्यांच्या सरनामी बोलीत बोलत होत्या. ती भोजपुरी-अवधीच्या वळणाची. आई तिच्या मोडक्या हिंदीत. दोघींचं अर्धा तास चाललं! बाहेर आल्यावर आई म्हणाली, "त्यांच्या पणज्यांनी गाव सोडलं, दीडशे वर्षं झाली. अजून घरात बोली हाय. कुणी जपली असंल?" मी म्हटलं, "कुणी?" आई म्हणाली, "म्हाताऱ्यांनी. आणखी कुणी?"

आता शेवटची गोष्ट सांगते, ती हंसांची.

एका रविवारी आम्ही सगळे गावाजवळच्या तळ्यावर गेलो. गवतात बदकं, हंस चरत होते. आई एकदम थांबली. "अगं, हे तर आपल्या धरणावरचे!" मी पाहिलं. राखाडी अंग, पांढरं डोकं आणि डोक्यावर दोन काळे पट्टे. पट्टकदंब हंस! हे पक्षी मंगोलिया-तिबेटकडच्या तळ्यांवर घरटी करतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून भारतात येतात. भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या पाण्यावर तुम्ही त्यांना पाहू शकता, रोहित पक्ष्यांच्या आसपास. शास्त्रज्ञांनी त्यांच्या अंगावर यंत्रं बसवून पाहिलं, तर ते सात हजार मीटरहून जास्त उंचीवर उडताना आढळले. आई संक्रांतीला माहेरी गेली की तिला ते दिसायचे.

"पण हे इथं कसे? आणि ही पिल्लं?" आईनं इतक्या वर्षांत त्यांची पिल्लं कधीच पाहिली नव्हती. दिसणार कशी? आपल्याकडे ते फक्त पाहुणे म्हणून येतात, घरटी तिकडं उत्तरेला. इथले हंस मात्र हिमालयावरून आलेले नाहीत. शोभेसाठी पाळलेल्या पक्ष्यांपैकी काही सुटले, त्यांची ही प्रजा. डच लोक त्यांना 'इंडिसे खान्स' म्हणतात, म्हणजे 'भारतातला हंस'.

भाच्यानं विचारलं, "मग हे थंडीत भिगवणला का येत नाहीत?"

मी सांगितलं, "हंसांच्या पिल्लांना वाट आईबापांबरोबर उडूनच कळते. यांच्या आईबापांनाच ती माहीत नाही."

आई काही बोलली नाही. तिनं फक्त माझ्या लेकीचा हात धरला आणि तिला सांगायला लागली, की आमच्या गावाजवळ केवढं मोठं पाणी आहे, त्याखाली एक विहीर आहे, आणि त्या विहिरीवर ती लहानपणी पोहायला कशी शिकली. मी भाषांतर केलं नाही.

तिकीट काही बदललं नाही. सहा आठवडे पुरे करून जूनमध्ये तिघं परत गेले. घर दोन दिवस अगदी खायला उठलं. गेल्या रविवारी नेहमीसारखा फोन लावला. मी बोलायच्या आधीच लेकीनं तो ओढून घेतला आणि विचारलं, "आबा, कॅनॉलला पाणी सुटलं का?" सहा आठवडे आबा गावी फोन करून रोज हेच विचारायचे, तिनं ते बरोबर उचललं होतं. पलीकडून अण्णा काही क्षण बोललेच नाहीत. मग म्हणाले, "सुटलं गं बाय, सुटलं."

तर दोस्तहो, पाहुण्यांना काय काय दाखवायचं याची यादी मी केली होती. ते आमच्याकडे काय करतील, हे मात्र विचारायचं राहिलं होतं. तुमच्याकडे आजी-आजोबा राहायला आले तर त्यांना नुसतं 'आराम करा' म्हणू नका. एखादं काम त्यांच्यावर सोपवा, एखादं त्यांच्याकडून शिका. आणि हो, दाराची किल्ली कुठं असते तेही सांगा!

पालकांनो, तुमची मुलं परगावी, परदेशी वाढत असतील, तर दोन वाक्यं कमी भाषांतरित करा. मुलं आणि आजी-आजोबा आपली वाट काढतात.

आता या आठवड्याचं काम. आजी किंवा आजोबांजवळ बसा आणि त्यांच्या लहानपणच्या गावाचा नकाशा काढा : घर, विहीर, शाळा, देऊळ, पार. यातलं जे आज जागेवर नाही, त्याला निळा रंग द्या. माझ्या लेकीनं पणजीच्या गावाचा नकाशा काढलाय. तो जवळजवळ सगळाच निळा झालाय. पण विहीर कुठं होती, ते तिला आता बरोबर सांगता येतं.

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमची,
आत्या