ओटीपी मरहूम सेक्रेटरींच्या मोबाईलवर जातो

आमच्या संस्थेचे सेक्रेटरी वारले, त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात सीए साहेबांचा फोन आला. आयकराच्या पोर्टलवर ट्रस्टचं काम करायचं होतं आणि ओटीपी हवा होता. ओटीपी जात होता मरहूम सेक्रेटरींच्या नंबरवर. ते सिमकार्ड त्यांच्या मुलाने बंद करून टाकलं होतं. पासवर्ड दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हता.

मी एका तालुक्याच्या गावात उर्दू हायस्कूलमध्ये मराठी आणि उर्दू शिकवते. बी.एड. झाले तेव्हापासून इथेच आहे. कमिटीतल्या बुजुर्गांचं उर्दू उत्तम, पण सरकारी मराठीशी त्यांचं जमत नाही. त्यामुळे शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज, बँकेला पत्र, धर्मादाय कार्यालयाला खुलासा, सगळं माझ्याकडून लिहून घेतात. तेव्हा जे सांगते आहे ते घरातलं आहे, ऐकीव नाही.

ओटीपी ही नुसती सुरुवात होती. बँकेच्या खात्यावर सदर आणि सेक्रेटरी या दोघांच्या सह्या लागतात. विनाअनुदानित तुकड्यांवर शिकवणाऱ्या तीन शिक्षिकांचा पगार त्याच खात्यातून निघतो. नवीन सही चढवायची तर बँकेने ठराव मागितला आणि धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट एकचा उतारा. उतारा आणला. त्यावर सात विश्वस्तांची नावं. सेक्रेटरी धरून चौघे कब्रस्तानात, एक मुलाकडे दुबईला, उरले दोघे. त्यातले एक सदरसाहेब, दुसऱ्यांना ऐकू येत नाही. शेवटची निवडणूक नोंदली गेली त्याला पंधरा वर्षं होऊन गेली होती.

चार महिने त्या तिघींना पगार नाही. मधे रमजान येऊन गेला, ईद येऊन गेली. एकीने मुलांचे कपडे उधारीवर आणले आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहून तिने मुलांना ईद कशी झाली ते विचारलं. संस्थेच्या खात्यात पैसे होते. ते काढायला कायद्याने मान्य असलेला हात नव्हता.

हे माझ्या एकटीच्या शाळेचं रडगाणं असतं तर मी लिहिलं नसतं. तुमच्या गावातली अंजुमन, बैतुलमाल, यतीमखाना, वाचनालय डोळ्यांसमोर आणा आणि एकच गोष्ट विचारा. उद्या सेक्रेटरी अंथरुणाला खिळले तर परवा काम कोण करील?

भविष्याची तयारी म्हटलं की आपल्याकडे इमारतीचा नकाशा बाहेर येतो. दुसरा मजला, स्मार्ट बोर्ड, कमान, कमानीवर देणगीदारांची नावं. पुढचा सेक्रेटरी कोण, असं सभेत विचारलं तर लोक विचारणाऱ्याकडे असे बघतात, जणू त्याने कुणाच्या मौतीची दुआ मागितली. मौत तर येणारच आहे, हे प्रत्येक जनाज्यात आपण एकमेकांना सांगतो. संस्थेच्या दारात आलो की तेवढंच विसरतो.

बुजुर्गांनी काही केलं नाही असं मी म्हणत नाही. जुम्म्याला झोळी फिरवून त्यांनी ही शाळा उभी केली. पहिल्या चार खोल्यांचे पत्रे कुणी स्वतःच्या खांद्यावर वाहून आणले, हे गावाला माहीत आहे. त्यांनी ते केलं नसतं तर आज माझ्या वर्गात बसणाऱ्या कितीतरी मुली चौथीनंतर घरी बसल्या असत्या. पण उभं करणं एक आणि चालतं ठेवणं दुसरं. संविधानाच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि त्यांचं प्रशासन करण्याचा हक्क दिला आहे. भाषणात आपण पहिल्या अर्ध्या वाक्यावर टाळ्या घेतो. दुसरं अर्धं कुणी वाचत नाही.

कायदा तर साधाच आहे. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे विश्वस्तांत बदल झाला की 90 दिवसांत त्याची खबर धर्मादाय कार्यालयाला द्यावी लागते. त्यालाच आपण चेंज रिपोर्ट म्हणतो. आयकराच्या सवलतीची नोंदणीही 2021 पासून कायमची राहिलेली नाही, ती ठरावीक मुदतीने नव्याने करावी लागते. म्हणजे सरकार दर काही वर्षांनी विचारणार, तुमच्यात जिवंत कोण आहे? आमच्यासारख्या संस्थांकडे उत्तर नसतं. मग असं उत्तर नसलेल्या जागेवर दोन कमिट्या उभ्या राहतात, दोघांचे दोन वकील, आणि चंद्याचा पैसा तारखांवर जातो.

हे बोललं की तीन उत्तरं हमखास मिळतात.

पहिलं, तरुणांना वेळ नाही. खरं आहे, फुकट सतरंज्या उचलायला त्यांना वेळ नाही. आमचा एक माजी विद्यार्थी जिल्ह्याच्या गावी कर सल्लागाराकडे काम करतो. तो दोन वर्षं सभेला आला. दोन्ही वर्षी त्याला चहा वाटायला सांगितलं. हिशोबाची वही बघू का म्हणाला, तर शक करतोस का असं विचारलं. तिसऱ्या वर्षी तो आला नाही. आता त्याच्या नावाने 'नवी पिढी बेपर्वा' असं भाषण होतं.

दुसरं, दार उघडलं तर राजकारणी घुसतील, संस्था गिळतील. ही भीती मी खोटी म्हणणार नाही, तशा गिळलेल्या जागा मीही पाहिल्या आहेत. पण बारकाईने बघा, संस्था गिळली जाते ती बहुधा म्हातारे सदर गेल्यावर, घाईगर्दीत, कागद कुणालाच सापडत नसताना. ज्या संस्थेत सभासदांची यादी ताजी आहे, निवडणूक वेळेवर होते, हिशोब फळ्यावर लागतो, तिथे घुसणं कठीण असतं.

तिसरं उत्तर डोळ्यांत पाणी आणून दिलं जातं. "बेटी, हमने खून-पसीना दिया है." दिलंय, चाचा. म्हणूनच ते वाया जाऊ देऊ नका.

दीनचा दाखला द्यायची सवय आपल्या कमिट्यांना फार, तर तोही घेऊ. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी आपल्या अखेरच्या दिवसांत लष्कराचं नेतृत्व हजरत उसामा बिन जैद यांना दिलं. वय विशीच्या आसपास. लष्करात हजरत उमर यांच्यासारखे ज्येष्ठ साथी होते. वयावरून कुरबुर झाली, ती त्यांनी ऐकून घेतली नाही. पुढे हजरत उमर खलिफा झाले तेव्हा त्यांनी खालिद बिन वलीद यांच्यासारख्या सेनापतीला पदावरून दूर केलं, आणि खालिद अबू उबैदा यांच्या हाताखाली लढत राहिले. पद गेल्यावरही खिदमत करता येते, याचा याहून मोठा दाखला कोणता हवा?

आपल्या मातीतही दाखले आहेत. मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम 1874 साली निघाली. संस्थापकांतले बद्रुद्दीन तैयबजी 1906 मध्ये गेले, अंजुमन आजही चालू आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काढलेली रयत शिक्षण संस्था त्यांच्या मागे वाढतच गेली. हमीद दलवाईंची मतं पटोत न पटोत, 1970 साली त्यांनी काढलेलं मुस्लिम सत्यशोधक मंडळ 1977 मध्ये ते गेल्यावर बंद पडलं नाही. काम उचलायला माणसं होती.

मग करायचं काय? सगळ्यात आधी धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा आणा आणि त्यावर मयत किती ते मोजा. घटनेत मुदत घाला. सलग दोन मुदती झाल्या की सदर आणि सेक्रेटरी पदावरून उतरतील, सल्लागार म्हणून हवे तितके दिवस बसोत. सहसेक्रेटरी नावापुरता नको. वर्षभर बँकेत, ऑडिटला, शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात त्याला पुढे करा आणि सेक्रेटरींनी मागे उभं राहावं. चुका त्यांच्या देखत होऊ द्या. पोर्टलवरचा मोबाईल नंबर संस्थेच्या नावाच्या सिमचा असू द्या. सातबारा, मान्यतेची पत्रं, नोंदणीचा दाखला यांच्या प्रती तीन ठिकाणी ठेवा. सेक्रेटरींच्या पलंगाखालची पेटी हे काही दफ्तर नव्हे.

आणि कमिटीत बायका घ्या. आमच्या शाळेत मुलांपेक्षा मुली जास्त आहेत. बहुतेक वर्ग शिक्षिका चालवतात. कमिटीत आजवर एकही बाई आलेली नाही. ज्या मुली शिकून बँकेत, कोर्टात, दवाखान्यात काम करायला लागल्या, त्यांच्याकडे आपण स्नेहसंमेलनात फक्त बक्षिसं वाटायला बघतो.

आता माझा गुन्हा. इतकी वर्षं सभांचं इतिवृत्त मीच लिहीत आले. त्यातल्या काही सभा झाल्याच नाहीत. 'सर्वानुमते मंजूर' असं मी माझ्या नीटनेटक्या अक्षरात लिहिलं आणि वही घरोघर सह्यांना फिरली. नोकरी टिकवायची होती, बुजुर्गांचा मानही राखायचा होता. पण त्या खोट्या कागदांवरच आज त्या तिघींचा पगार अडकला. मुलांना मी निबंधात खरं लिहायला शिकवते.

मागच्या आठवड्यात सदरसाहेबांनी पुन्हा वही पाठवली. नवीन सेक्रेटरी म्हणून आपल्या जावयाचं नाव सुचवून, सभा न घेता. वही मी कोरीच परत पाठवली आणि सोबत चिठ्ठी लिहिली: चाचा, सभा बोलवा, सगळ्या सभासदांना बोलवा, मी पहिल्या ओळीत बसून शब्दन् शब्द लिहून घेईन. न झालेल्या सभेचं आता लिहिणार नाही.

उत्तर अजून आलेलं नाही.