भाकरीवरचे तूप आणि बिस्किटावरची नक्षी

नाताळ जवळ येऊ लागला की वसईच्या घराघरांतून केकचा दरवळ सुटतो. 1534 पासून 1739 पर्यंत हा मुलूख पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. तो अंमल गेला, पण पावाची आणि भट्टीची ओळख मात्र येथे कायमची रुजली. आता नालासोपारा-विरारच्या सदनिकांतूनही लहान ओव्हन आले आहेत, आणि त्यांत माणसांच्या केकबरोबर आणखी एक पदार्थ भाजला जाऊ लागला आहे. तो म्हणजे घरच्या कुत्र्यासाठी केलेली बिस्किटे. हाडाच्या आकाराची, वर साखरेच्या आयसिंगची पांढरी वेलबुट्टी, कडेला लाल बदाम, मधोमध लाडक्याचे नाव. कुत्र्याचा वाढदिवस असेल तर छोटा केक आणि छायाचित्र ओघानेच आले.

यावर कपाळाला आठ्या घालणारे वाचक पुष्कळ असतील. माणसाला भाकर महाग असताना कुत्र्याला केक कशाला, असा त्यांचा सवाल असतो. आम्हाला तो पुरता पटत नाही. आपल्या जेवणातून कुत्र्यासाठी घास काढून ठेवण्याची रीत या समाजात जुनीच आहे. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवून त्याला पुरणपोळी भरवणारा हा समाज आहे. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावर त्यातला वाटा कुत्र्याला मिळतो. आणि भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे, ती त्याने कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव कोणत्या मराठी शाळकरी मुलाला ठाऊक नाहीत? कुत्र्याच्या घासाचे कौतुक आपल्याला साहेबाकडून शिकावे लागलेले नाही.

उलट कुत्र्यासाठी वेगळे बिस्किट ही कल्पना मात्र साहेबाच्या देशातली. जेम्स स्प्रॅट या अमेरिकन गृहस्थाने 1860 च्या सुमारास लंडनमध्ये हा धंदा सुरू केला. जहाजावरची उरलेली टणक बिस्किटे धक्क्यावरची कुत्री खाताना पाहून त्याला ते सुचले, असे सांगतात. बिस्किटाला हाडाचा आकार आला तो पुढे, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, अमेरिकेत. त्या आकाराचा कुत्र्याला काडीचा उपयोग नव्हता. तो विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसाठी होता. सजावटीची गोष्ट तेथपासून चालत आली आहे.

आमचा आक्षेप खर्चाला नाही, तो या सजावटीला आहे. नामदेवांच्या वाटीतले तूप भाकरी खाणाऱ्यासाठी होते. (आजचा पशुवैद्य त्यालाही हात आखडता घ्या म्हणेल, कारण फार स्निग्ध खाण्याने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, पण तो भाग वेगळा.) बिस्किटावरची नक्षी कोणासाठी आहे? कुत्र्याला प्रामुख्याने निळा आणि पिवळा हे रंग ओळखता येतात. लाल त्याला मळकट तपकिरी दिसतो, म्हणजे तो लाल बदाम त्याच्या लेखी नसल्यातच जमा. तो अन्न ओळखतो नाकाने, आणि मग दोन घासांत गिळून मोकळा होतो. वेलबुट्टी आपण पाहतो, शेजारी पाहतात, छायाचित्रात नातेवाईक पाहतात. पोटात मात्र ती कुत्र्याच्या जाते.

आणि धोका नेमका तेथेच आहे. रताळे, तांदळाचे पीठ, अंडे, लाल भोपळा अशा जिनसांचे साधे बिस्किट सहसा बाधत नाही. बाधते ते त्यावर चढवलेले. चॉकलेटमधील थिओब्रोमाइन माणसाच्या शरीरातून लवकर निघून जाते, कुत्र्याच्या शरीरात ते कितीतरी तास रेंगाळते आणि हृदयाची गती बिघडवते. चॉकलेट जितके काळे तितके वाईट. डोळ्यांच्या जागी बसवलेले मनुके काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करतात. हे असे का होते, याचा उलगडा अनेक वर्षे होत नव्हता. 2021 साली अमेरिकेतील पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले, आणि त्यांना तो धागा गवसला घरी केलेल्या खेळण्यातल्या पिठावरून! त्या पिठात क्रीम ऑफ टार्टर होते. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे आयसिंग घट्ट राहावे म्हणून घरोघरी चिमूटभर घालतात, तीच ही पूड. हेच आम्ल चिंचेतही असते, हे मराठी स्वयंपाकघराने विशेष ध्यानात ठेवावे.

त्याहून दगाबाज म्हणजे झायलिटॉल. साखर नको म्हणून जी गोडी च्युइंग गममध्ये आणि काही तयार पीनट बटरमध्ये घातली जाते, तिच्यामुळे कुत्र्याच्या शरीरात इन्शुलिनचा लोंढा सुटतो. तासाभराच्या आत रक्तातील साखर कोसळू शकते आणि यकृतालाही इजा पोचू शकते. ‘साखरमुक्त’ हा शब्द वाचून ज्याने जास्त काळजी घेतली, तोच येथे फसतो. आपल्या भरितातली कांद्याची पातही निर्दोष नाही; कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. चंपाषष्ठीला कुत्र्याच्या वाट्याचे भरीत पात घालण्याआधीच बाजूला काढले तर खंडोबा रागावणार नाही.

मग सजवूच नये काय? घरातल्या मुलांना यात आनंद असतो आणि तो हिरावून घ्यावा असे आम्हाला वाटत नाही. पण सजावट म्हणजे वरून काहीतरी थापणे, असे थोडेच आहे? करंजीचे कातणे, मोदकाचा साचा, काटा-चमच्याचे दाते यांनी कणकेवर जी नक्षी उठते तिला साखरही लागत नाही आणि रंगही. वरचा थर हवाच असेल तर पाणी निथळलेले दही, म्हणजे चक्का, पुरेसा आहे. त्याचे श्रीखंड मात्र होऊ देऊ नये. साखर आणि जायफळ दोन्ही कुत्र्याला नकोत. बिनमिठाच्या भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट घरात असताना पीनट बटरची बाटली आणायचे कारण नाही. चिमूटभर हळदीचा पिवळा रंग तर त्या बिचाऱ्याला दिसेलही. आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाळलेला, मीठ न लावलेला बोंबील काटे काढून बिस्किटावर चुरला, तर त्या वासापुढे साऱ्या वेलबुट्ट्या फिक्या पडतील. अर्थात हेही बेताने. खाऊचा वाटा दिवसभराच्या आहाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा अधिक नसावा, असा पशुवैद्यांचा दंडक आहे. दहा किलोच्या कुत्र्याला हा हिस्सा तीनेक ग्लुकोज बिस्किटांतच संपतो.

घरापुरते हे ठीक. पण आता हीच बिस्किटे खोक्यांत भरून विकली जाऊ लागली आहेत, आणि येथे एक पोकळी आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 याने केलेल्या ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येत पशुखाद्य बसत नाही. परिणामी माणसाचा केक घरून विकणाऱ्या गृहिणीला नोंदणी करावी लागते. तिच्याच ओव्हनमधल्या कुत्र्याच्या बिस्किटाला त्या कायद्याची अट लागत नाही. नोकरीच्या शोधात असलेल्या किंवा पगारात भागत नाही अशा अनेक घरांना हा उद्योग हातभार लावू शकेल, आणि त्यांच्या मागे निरीक्षकांचा ससेमिरा लावावा असे कोणी सुचवणार नाही. तथापि खोक्यावर जिन्नसांची यादी चिकटवणे काही अवघड नाही. गोडी कशाची, आयसिंगमध्ये काय, रंग कोणता, भाजले केव्हा, एवढ्या चार ओळी पुरेत. विकणाऱ्याने त्या लिहिल्या नाहीत तर घेणाऱ्याने विचाराव्यात, आणि उत्तर मिळाले नाही तर खोके तेथेच ठेवावे.

शेवटी राहतात ती फाटकाबाहेरची कुत्री. घरच्या लाडक्याने टाकलेला केकचा तुकडा, नाताळातील मनुके घातलेल्या केकची उरलेली कड, हे भूतदया म्हणून रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढे ठेवले जाते. घरचे कुत्रे आजारी पडले तर निदान रिक्षात घालून पशुवैद्याकडे नेले जाते. रस्त्यावरचे गटाराकाठी रात्रभर तडफडते, आणि सकाळी कोणाला कारणही कळत नाही. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने अशा कुत्र्यांना खाऊ घालण्यासाठी जागा नेमून देण्यास सांगितले आहे. त्या जागा केव्हा व्हायच्या त्या होवोत. तोवर मनुक्यांच्या केकची कड कचऱ्याच्या डब्यात जावी आणि बाहेरच्या कुत्र्यापुढे साधी भाकरी पडावी.