भीमथडी तट्टांना न्याय मिळावा

पशुप्रदर्शनात घोड्याची उंची व नाच पाहूनच पारितोषिक देणे आपल्या तट्टांना मारक आहे. भीमथडी ही आता नोंदणीकृत जात आहे. पुणे, सोलापूर, सातारा व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धनगर बांधव तिच्या पाठीवर बिऱ्हाड लादून मेंढरांमागे फिरतात. केवळ उंचीला मान मिळाला, तर मालक घोड्या उंच वळूकडे नेतील व संकराने मूळ गुण नाहीसे होतील. म्हणून तट्टांचा वर्ग स्वतंत्र ठेवावा. टणक खूर, निकोप पाठ, शांत स्वभाव व ओझे वाहण्याची शक्ती यांनाच गुण द्यावेत. हिवाळ्यात बहुतेक मेंढपाळ परमुलखी असतात. तेव्हा विस्तार कार्यकर्त्यांनी हे प्रदर्शन त्यांच्या पावसाळी मुक्कामातील एखाद्या शनिवार-रविवारी भरवावे.