सरकारी काम, ताईंचा फोन

प्रति,
सामान्य प्रशासन विभाग आणि माहिती तंत्रज्ञान विभाग,
मंत्रालय, मुंबई



सरकारी कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमे कशी वापरावीत, याबद्दल 28 जुलै 2025 रोजी शासन निर्णय निघाला. गोपनीय कागद परवानगीशिवाय पुढे पाठवू नका, खासगी आणि सरकारी खाते वेगळे ठेवा, बंदी घातलेली अ‍ॅप वापरू नका. सगळे रास्तच आहे. पण कार्यालयातल्या समन्वयासाठी व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम वापरता येईल, अशी मुभाही त्यातच आहे. हे पत्र त्या मुभेबद्दल आहे.

विरार पूर्वेच्या चांदीपसारख्या गावात मंत्रालयातला निर्णय पोचतो तोच मुळी पीडीएफ होऊन, ग्रुपवर. अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षक, तलाठी, सगळ्यांचे ग्रुप आहेत आणि साहेब त्यांचे अ‍ॅडमिन. 'पाच वाजेपर्यंत माहिती पाठवा' असा निरोप येतो, खाली 'ओके सर'ची रांग लागते. मग माहिती जाते. वजनकाट्यावरचे बाळ, गरोदर बाईचे नाव, तिचा मोबाइल नंबर, हिमोग्लोबिन, कधी आधार कार्डाचा फोटोसुद्धा. त्या बाळाची आई ग्रुपमध्ये नसते. आपले काय काय तिथे गेले, हे तिला कोणी सांगतही नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही, हे मला मान्य आहे. 2016 पासून तिथे टोकाटोकापर्यंतचे कुलूप आहे. पण कुलूप वाटेवर आहे, मुक्कामी नाही. फोटो सभासदांच्या गॅलरीत उतरतो. ज्याने बॅकअप चालू ठेवला आहे, पण त्याचे वेगळे कुलूप स्वतः लावलेले नाही, त्याची प्रत त्या कुलपाशिवाय गूगलच्या साठ्यात जाते. ज्या फोनवर संध्याकाळी घरातली पोरे रील बघतात, त्यातच गावातल्या कुपोषित मुलांची यादी पडून असते. साहेबांची बदली झाली, की ग्रुप सुटतो, फोन मात्र त्यांच्याबरोबर जातो. अ‍ॅप कोणी कधी आणि किती वापरले, याचा हिशेब परदेशी कंपनीकडे राहतो तो वेगळाच.

आणि ग्रुपवरच्या हुकमाचे काय? अशा आदेशाला जावक क्रमांक नसतो. तो नस्तीत लागत नाही, आणि पाठवणाऱ्याला मागाहून पुसताही येतो. उद्या कोणी माहिती अधिकारात विचारले, की अमुक घराचे नाव लाभार्थी यादीतून कोणी काढले, तर दाखवणार काय, साहेबांचा जुना हँडसेट? महाराष्ट्राचा 2005 चा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा आहे. सरकारी अभिलेख जपण्यासाठीच तो आहे, आणि रोजचा निम्मा कारभार त्याच्या बाहेर चालू आहे. मला गोपनीयतेइतकीच याची काळजी वाटते. बाहेरच्यांना जे दिसू नये ते दिसते, आणि नागरिकाला जे दिसायला हवे ते दिसत नाही.

दुसऱ्याच्या अंगणात आपले दप्तर मांडण्यात काय धोका असतो, हे आपला शासन निर्णय निघाला त्याच महिन्यात दिसले. युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने या भारतीय तेलकंपनीची ईमेल आणि टीम्स सेवा बंद केली. वाडीनारचा तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातेत, कामगार इथले, कायदा इथला, किल्ली मात्र तिसऱ्याकडे. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत आली. तिच्याकडे वकील होते. अंगणवाडीच्या ताईंकडे कोण आहे?

'म्हणून स्वदेशी अ‍ॅप घ्या' एवढे म्हणून हात झटकू नका, ही विनंती. 2025 च्या सप्टेंबरात 'अरट्टाई' या स्वदेशी अ‍ॅपचा गाजावाजा झाला, तेव्हा त्याच्या लेखी संदेशांना ते टोकाटोकाचे कुलूपच नव्हते. सर्व्हर खाडीपलीकडे ऐरोली-महापेला असला म्हणून माहिती आपोआप सुरक्षित होत नाही. तो कोण उघडू शकतो, हे महत्त्वाचे. आणि सरकारही त्या 'कोण'मध्ये येते, हे विसरू नका. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सरकारला भरपूर सवलती दिल्या आहेत, शिवाय माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(ञ) ला कात्री लावली आहे. तरीही त्याच कायद्याच्या नोव्हेंबर 2025 मधल्या नियमांत, सरकारने योजनांसाठी गरजेपुरतीच माहिती घ्यावी आणि ती जपावी, असे म्हटले आहे. निदान तेवढे तरी पाळा.

वाट नवी नाही. केंद्राच्या एनआयसीचे 'संदेस' हे निरोपांचे अ‍ॅप आहेच. फ्रान्सने 2019 मध्ये 'मॅट्रिक्स' या खुल्या प्रणालीवर सरकारी नोकरांसाठी स्वतःचे 'चाप' उभे केले. महाराष्ट्राला हे न जमण्यासारखे काय आहे? फक्त ते खालच्या कर्मचाऱ्यांच्या फोनवर चालले पाहिजे. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट सरकारी फोन परत केले होते, आणि त्यांच्या कामाचे पोषण ट्रॅकर अ‍ॅप मराठीत हवे म्हणून भांडल्या होत्या. आता जुलै 2025 पासून घरपोच आहारासाठी चेहरा ओळखण्याची सक्ती आहे. साधन धड नाही, नेट धड नाही आणि चूक झाली की दोष ताईंचा.

तेव्हा मागणे असे: शासन निर्णयातली ती मुभा मागे घ्या, पण सरकारचे स्वतःचे साधन आणि ते चालेल असा फोन हातात दिल्यानंतर. तोवर निदान एक परिपत्रक काढा. लहान मुलांचे आणि रुग्णांचे फोटो, आधार, आजाराची माहिती कोणत्याही ग्रुपवर मागायची नाही. जो अधिकारी मागेल, जबाबदार तो. पाठवणारी ताई नव्हे. ग्रुपवर दिलेला आदेश ठरावीक दिवसांत जावक क्रमांकासह नस्तीत आला नाही, तर तो पाळण्याची सक्ती नाही. आणि आजवर जे फोटो फोनाफोनांत साठले आहेत, ते कधी आणि कसे पुसायचे, तेही त्याच परिपत्रकात मराठीत लिहा.

आपला,
चांदीपचा एक रहिवासी
(ता. वसई, जि. पालघर)