‘फायर’ आणि नरसीचा वारसा
डिसेंबर १९९८ मध्ये शिवसैनिकांनी मुंबईत दीपा मेहतांच्या ‘फायर’चे खेळ बंद पाडले. दोन जावांच्या परस्परप्रेमाइतकाच त्यांच्या राधा-सीता या नावांवर रोष होता. पासोलिनीच्या ‘तेओरेमा’वरही १९६८ साली इटलीत असाच गहजब होऊन अश्लीलतेचा खटला चालला. चित्रपटातला खरा हिशेब मात्र कोणी मांडला नाही: स्वामींच्या नादी लागून ब्रह्मचर्य पाळतो पती, त्याची किंमत मोजते राधा, घरच्या धंद्यात राबायचे जावांनी, अग्निपरीक्षाही राधेचीच. आणि ढाल कसली, तर संस्कृतीची! हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे नामदेवांचे गाव. पुरुष असूनही वारकरी संत गौळण झाले, विरहिणी झाले. भक्ती आणि कामना एक नव्हेत, हे मान्य. पण गौळण गाणाऱ्या पुरुषावर नरसीत कोणी दगड उचलीत नाही.