पाण्याची गोळी आणि मेस्सिनियाचा किनारा

ग्रीस म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सांतोरिनीची पांढरी घरे येतात. त्या घरांपर्यंत पोहोचण्यासाठी किती पायऱ्या चढाव्या लागतात, हे मात्र छायाचित्रांत दिसत नाही. घरातील ज्येष्ठांना सोबत नेण्याचा विचार असेल, तर वाचकहो, मी आपणांस निराळा किनारा सुचवीन. पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात मेस्सिनिया नावाचा प्रांत आहे. कालामाता हे त्याचे मुख्य शहर. अथेन्सहून साधारण २४० किलोमीटर. सारा प्रवास मोटारीने होतो, बोटीची चढउतार नाही. गेल्या मे महिन्यात आम्ही पाच जण तेथे नऊ दिवस राहिलो. त्यांत सर्वांत वडील माझ्या सासूबाई. वय ७९, सोबत रक्तदाब, मधुमेह आणि काहीसे अशक्त झालेले हृदय.

मे महिना निवडण्यास कारण होते. जुलै-ऑगस्टमधील तेथील ऊन वृद्धांना, विशेषतः लघवी वाढविणारी औषधे घेणाऱ्यांना, सोसत नाही. मेमध्ये समुद्राचे पाणी गार असते, पण हिंडण्यास हवा उत्तम. नऊ दिवसांत मुक्काम दोनच ठिकाणी ठेवले. दर दिवशी नवे हॉटेल म्हणजे नवी न्हाणी, नवा उंबरठा आणि रात्री अंधारात पडण्याचा नवा धोका.

मेथोनीचा व्हेनिसकरांनी बांधलेला किल्ला तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. वाट दगडी व उंचसखल असल्याने हाती काठी हवीच. पिलोस गावासमोर नावारिनोचा उपसागर आहे. २० ऑक्टोबर १८२७ रोजी इंग्रज, फ्रेंच व रशियन आरमारांनी येथेच तुर्की-इजिप्शियन आरमाराचा पराभव केला आणि ग्रीसच्या स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा झाला. जवळच नेस्टर राजाचा म्हणून ओळखला जाणारा प्राचीन राजवाडा आहे. होमरच्या महाकाव्यात नेस्टर हा सर्वांत वयोवृद्ध ग्रीक राजा; त्याचा सल्ला सारे ऐकतात. राजवाड्याच्या अवशेषांवर छप्पर आहे व वरून पाहण्यासाठी उंच मार्गिका आहेत, त्यामुळे ज्येष्ठांना ते सावलीत पाहता येतात. मातीचे स्नानपात्र अजून जागच्या जागी आहे. सासूबाई त्यापाशी बराच वेळ उभ्या होत्या.

त्याच सायंकाळी त्यांचे पाय सुजलेले दिसले. दिवसभर चालल्याने असेल, असे त्या म्हणाल्या. मी औषधांचा डबा उघडला. पाण्याची गोळी तीन दिवसांची तशीच होती.

"आई, ही गोळी घेतली नाहीत?"

"अगं, ती घेतली की दर तासाला जावे लागते. गाडी किती वेळा थांबवायची? सगळ्यांचा खोळंबा होतो."

तीन दिवस त्या पाणीही मोजून पीत होत्या. वाचकहो, हे आपल्याही घरात घडते. प्रवासात ज्येष्ठ मंडळी कुणाला न सांगता ही गोळी टाळतात आणि पाणी कमी पितात. गोळी थांबली की अशक्त हृदयाच्या रुग्णाच्या शरीरात पाणी साठू लागते. पायांवर सूज येते, पुढे आडवे झाल्यावर धाप लागते. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले तर डॉक्टरांना त्वरित कळवावे. उलट, पाणीच कमी प्यायल्याने चक्कर, बद्धकोष्ठ व मूत्रमार्गाचा संसर्ग संभवतो. सासूबाईंना धाप नव्हती. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलून गोळी सकाळऐवजी दुपारी, मुक्कामावर परतल्यावर देण्याचे ठरले. सकाळी हिंडणे, दुपारी विश्रांती, हा तर त्या गावांचाही रिवाज. दोन दिवसांत सूज उतरली. गोळीची वेळ बहुधा बदलता येते, पण ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदलावी. गोळी मात्र परस्पर टाळू नये. उलट्या-जुलाब झाले तर ती चालू ठेवावी की थांबवावी, हेही निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

आता आहाराविषयी. भूमध्यसागरी आहारपद्धतीला युनेस्कोने २०१० साली सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा ग्रीसतर्फे मेस्सिनियातील कोरोनी या गावाची निवड झाली होती. ऑलिव्ह तेलात शिजविलेल्या भाज्या, कडधान्ये, रानातील पालेभाज्या, फळे आणि सर्वांनी एकत्र बसून जेवणे, असे तिचे स्वरूप आहे. शाकाहारी मंडळींनी 'लादेरा' म्हणजे तेलात शिजविलेल्या भाज्या मागाव्यात. 'निस्तीसिमा' म्हणजे ख्रिस्ती उपवासाचे पदार्थ. त्यांत कालवे-कोळंबी चालते, म्हणून विचारून घ्यावे. फेटा चीज व मुरवलेले ऑलिव्ह खारट असतात. रक्तदाब व हृदयरोग असलेल्यांनी ते चवीपुरतेच खावेत. वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकदम वाढवू नये, कारण औषधाचा परिणाम कमी होतो. तेथे रात्रीचे जेवण उशिरा होते. इन्सुलिनची मात्रा जेवणाशी जोडलेली असेल, तर जेवण केव्हा मिळेल हे आधी विचारावे आणि काही खाऊ जवळ ठेवावा. घरी परतल्यावर महागडे तेल आणण्याची निकड नाही. मटकी, पालेभाजी व एकत्र जेवण आपल्याही घरी आहे.

निघण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात. औषधांची यादी मूळ रासायनिक नावांसह टंकलिखित असावी. औषधे दोन पिशव्यांत विभागून, इन्सुलिन मात्र विमानात जवळच्याच पिशवीत ठेवावे. कोडीन असलेल्या औषधांवर ग्रीसमध्ये नियंत्रण आहे; ती अत्यावश्यक असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी हवी. उन्हाळ्यात ग्रीसचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. औषधांचे वेळापत्रक त्याप्रमाणे लिहून घ्यावे. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पण जुने आजार त्यात समाविष्ट आहेत का, हे वाचून पाहावे. विमानात कडेची जागा घ्यावी व अधूनमधून चालावे. संकटसमयीचा क्रमांक ११२.

आणि काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. दर दीड तासाने गाडी थांबवा, आणि "आई, तुम्हांला जायचे आहे का?" असे विचारू नका. "मला चहा हवा आहे" असे म्हणून स्वतः आधी उतरा.